वाकडी पडलेली चिप

ताईंचा हात म्हणजे ओळंबा, असं त्यांच्या कारखान्यात म्हणत. कारखाना हा शब्दही जरा मोठाच झाला. एका लांबट इमारतीच्या वरच्या मजल्यावर एकीतून दुसरीत उघडणाऱ्या तीन खोल्या, आणि मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लाकडी बाक. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याची खोकी बनत, त्यामुळे जिना चढताना ओल्या खळीचा वास यायचा आणि वरचं दार उघडलं की तापलेल्या सोल्डरचा, म्हणजे जोडकामाच्या डाखाचा. बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला ताईंची खुर्ची. ती रिकामी असली तरी तिच्यावर कोणी बसत नसे. एकदा नव्या हिशेबनिसाने तिच्यावर आपला डबा ठेवला, तर सगळ्या खोलीने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने डबा मांडीवर घेऊनच जेवण उरकलं.

इथे दुरुस्तीला यायचे ते जुन्या यंत्रांचे सर्किट बोर्ड. लिफ्टचे, पाण्याच्या पंपांचे, दवाखान्यातल्या यंत्रांचे. ज्यांनी ते बनवले त्यांनी बनवणं कधीच बंद केलेलं, आणि ज्यांच्याकडे ती यंत्रं होती त्यांना ती टाकवत नव्हती. बोर्डावरची एखादी चिप मेलेली असते. तेवढी काढायची आणि तिच्या जागी नवी बसवायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांना धक्का न लावता. सांगायला सोपं आहे. पण चिप नखाएवढी, तिच्या पोटाखाली सोल्डरचे खसखशीएवढे मणी ओळीने मांडलेले, आणि प्रत्येक मण्याने बोर्डावरच्या आपल्याच ठिपक्यावर बसायचं. एक मणी जरी शेजारच्या घरात शिरला तरी सगळ्या मेहनतीवर पाणी.

ताईंची चिप कधी वाकडी पडली नव्हती. लग्नाआधी त्यांनी रेडिओच्या तारा जोडल्या, लग्नानंतर टीव्हीच्या, मग हे बोर्ड आले. वस्तू बदलत गेल्या, बोटं तीच राहिली. एका हातात गरम हवेची नळी, दुसऱ्यात चिमटा, डोळ्यांपुढे भिंग. श्वास रोखायच्या आणि चिप अशी नेमकी ठेवायच्या, की पुढे वितळलेल्या सोल्डरला फक्त निवायचंच काम उरे. याचा त्यांना गर्व होता, आणि तो त्या लपवायच्याही भानगडीत पडत नसत. त्यांचा नवरा शाळेचे गणवेश शिवणारा शिंपी. पण घरात सुईत दोरा ओवायचा मान ताईंचा, हे तो येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगे.

मग एका सकाळी दोरा सुईत गेला नाही. दोनदा नेढ्याजवळून सटकला, तिसऱ्यांदा सुईच हलली. शिंप्याने सुई त्यांच्या हातून घेतली, स्वतः ओवली आणि गणवेशाच्या खिशाबद्दल बोलायला लागला. तो गप्प बसणाऱ्यातला माणूस नव्हता. म्हणून तर दोऱ्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही हे ताईंना खुपलं.

डॉक्टरांनी सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, हाताचा कंप आहे, जिवाला धोका नाही, पण जाणारही नाही, हळूहळू वाढेल. जिवाला धोका नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. ताईंना वाटलं, या माणसाला माझा जीव कुठे आहे ते माहीतच नाही. शिंप्याने कोपराखाली ठेवायला वाळू भरलेली एक उशी शिवून दिली. कोपर दुखतं, असं ताईंनी कारखान्यात सांगितलं. अवघड बोर्ड त्या सकाळी हात ताजा असताना उरकू लागल्या आणि दुपारी भिंगं पुसत बसू लागल्या. कोणाला काही कळू दिलं नाही. पण ती खिडकीजवळची खुर्ची आता किती दिवसांची सोबतीण, हा विचार त्यांच्या मनातून जात नव्हता.

त्याच सुमारास मालकांनी चिप काढून बसवणारं यंत्र बनवून घ्यायचं ठरवलं. कामं वाढत होती आणि असा हात एकच होता. बाजारात मिळणारी यंत्रं एकाच मापाच्या नव्याकोऱ्या बोर्डांसाठी असत. इथे येणारे बोर्ड म्हणजे एक लांब, एक गोल, एकाला मध्येच भोक, एक वर्षानुवर्षं तापून वाकलेला. तेव्हा आपल्या कामाचं यंत्र आपणच बेतायचं. ही बातमी ऐकून ताईंची दोन्हीकडून कोंडी झाली. यंत्र जमलं तर खुर्ची यंत्राची झाली, आणि नाही जमलं तर एक दिवस हातच सगळं उघडं पाडणार.

यंत्र बेतायला जो गृहस्थ आला तो किडकिडीत होता, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला आणि शोधायचा मात्र खिशात. आधी त्याने औषधाच्या बाटल्यांना बूच लावणारी यंत्रं बेतली होती. आल्या आल्या चित्र काढेल असं मालकांना वाटलं. पण बरेच दिवस त्याने एक रेघ ओढली नाही. नुसते प्रश्न. बोर्ड जास्तीत जास्त केवढा येतो, वीज गेली तर काय व्हावं, खोलीत धूळ किती, खालच्या खोक्यांच्या यंत्राने जमीन हादरते का. प्रत्येक उत्तर तो दोनपैकी एका रकान्यात टाकी: 'हवंच' किंवा 'असलं तर बरं'. हिशेबनिसाने त्याचं नाव रकानेवाले साहेब ठेवलं, आणि ते नाव इतकं चिकटलं की मालकही चुकून त्याच नावाने हाक मारून बसले.

ताईंच्या बाकाशी तो स्टूल घेऊन बसला तेव्हा त्या आधीच तयारीत होत्या, जास्त काही सांगायचं नाही असं ठरवून. चिप कशी काढता, त्याने विचारलं. चिमट्याने उचलते, ताई म्हणाल्या. त्याने मान हलवली आणि म्हणाला, चिमटा बाजूला ठेवा, वस्तू सांगू नका; काय घडायला हवं ते सांगा. ताईंना राग आला. चिप वर यायला हवी, आणखी काय, त्या फटकन म्हणाल्या. तो खूश झाला. बास, म्हणाला, एवढंच लिहू या.

असं एकेक काम त्याने सुटं केलं. बोर्ड धरणे. खालून ऊब देणे. वरून तापवणे. चिप उचलणे. जुनं सोल्डर पुसणे. नवी चिप सरळ करणे. ठेवणे. निववणे. भिंतीएवढ्या कागदावर ही कामं एकाखाली एक लिहिली, आणि प्रत्येकापुढे ते काम करायच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा सुचतील तेवढी घरं. उचलायला चिमटा, उचलायला हवा ओढून धरणारी नळी, उचलायला चिकट पट्टी. शेवटच्या घरात लिहिलं होतं, बोर्ड उलटा धरून चिप पाडणे. ताई हसल्या. हसण्यासारखंच आहे, तो म्हणाला, पण वेडगळ तऱ्हाही लिहायच्या, नाहीतर हात पुन्हा पुन्हा ओळखीच्याच घराकडे जातो.

मग त्याने खिशातून दोरा काढला आणि प्रत्येक ओळीतलं एक घर निवडत वरपासून खालपर्यंत टाचण्यांना अडकवत नेला. हे एक यंत्र, तो म्हणाला. मग मधली एक टाचणी एक घर सरकवली. हे दुसरं. अजून एक सरकवली. हे तिसरं. ताईंनी विचारलं की या कागदात अशी किती यंत्रं आहेत. मोजली नाहीत, तो सहज म्हणाला, पण हजारोंनी असतील.

ताईंच्या अंगावर काटा आला. त्या कागदाकडे बघतच राहिल्या. समोर शाईच्या रेघा होत्या, आणि त्या रेघांच्या आड कोणी कधीही न बनवलेली हजारो यंत्रं एकमेकांना खेटून उभी होती, कोणी दोरा लावेल म्हणून वाट बघत. आपण जन्मभर जे केलं तो त्यातला एकच दोरा. आपल्याला वाटत होतं तीच सगळी वाट, आणि आजूबाजूला एवढं मोठं मैदान पसरलेलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी शिंप्याला कागदाचं वर्णन करून सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे बाह्या, कॉलर आणि खिसे यांचंही असं करता येईल की. दोघं जेवण विसरून बोलत बसली. यंत्र आपलं वैरी आहे हे त्या संध्याकाळी ताईंच्या लक्षातही राहिलं नाही.

मग छाटणी सुरू झाली. 'हवंच' मधल्या एका जरी गोष्टीत जो दोरा नापास होई तो बाद. उरलेल्यांना गुण. ताई आता स्वतःहून स्टूल ओढून बसत आणि मतं देत. चिकट पट्टी त्यांनीच बाद केली, तेवढ्या उष्णतेत ती जळून वास मारेल म्हणून. शेवटी एक दोरा उरला आणि त्याचं लोखंडात रूपांतर झालं. भाग बाहेरच्या लेथवाल्याकडून बनून आले: कडांनी बोर्ड धरणारी चौकट, खाली ऊब देणारा तवा, वर गरम हवेचं तोंड, त्या तोंडाच्या मधोमध चिप ओढून धरणारी बारीक नळी, आणि शेजारी कॅमेरा, ज्यातून खसखशीचा दाणा पडद्यावर लिंबाएवढा दिसे.

मेलेली चिप यंत्राने पहिल्याच खेपेला अशी अलगद उचलली की मालकांनी टाळी वाजवली. पण नवी बसेना. बसे, आणि एका कोपऱ्यातले मणी ठिपक्याला न चिकटताच राहत. रकानेवाल्या साहेबांनी शोधून काढलं की तापलेला बोर्ड पोटातून खाली झुकतो. त्यांनी खालून टेकू दिले. मग नळीचा खांब जाड केला. मग चिप जराही हलू नये म्हणून नळीची पकड आणखी घट्ट केली. यंत्र इतकं नेमकं झालं की केसाची जाडीही त्याला जास्त वाटावी. आणि जितकं ते घट्ट झालं तितकं काम बिघडत गेलं. साहेबांचे गाल बसले. मालकांनी बोलणं कमी केलं. ताईंना मनातून बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना वाईटच वाटत होतं, आणि त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

शेवटी साहेब त्यांच्यापाशी आले आणि म्हणाले की टाकाऊ बोर्डावर एक चिप हाताने बसवून दाखवा, याच कॅमेऱ्याखाली. यंत्र जिथे चुकतं तिथे हात काय करतो ते बघायचंय. ताईंचं धाबं दणाणलं. त्यांनी आज डोळे दुखतात म्हटलं, उद्या बघू म्हटलं, चांगला चिमटा सापडत नाही म्हटलं. साहेबांनी चिमटा शोधून आणला. सबबी संपल्या तेव्हा एका दुपारी, मालक बाहेर गेलेले बघून, त्या कॅमेऱ्याखाली बसल्या.

पडद्यावर चिमट्याचं टोक वाऱ्यात फांदी हलावी तसं हलत होतं. कोपराखाली उशी होती, श्वास रोखलेला होता, कशाचा उपयोग नव्हता. चिप ठिपक्यांवर येई, जाई, येई. सोल्डर चमकलं आणि ताईंनी नुसत्या भीतीने चिमट्याची पकड सोडली. चिप वाकडी पडली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही पडद्यावर, लिंबाएवढ्या मण्यांसकट. ताईंनी डोळे मिटले. डाव्या हातातली गरम हवा तशीच चालू होती.

डोळे उघडले तर चिप सरळ होती.

साहेबांनीच हळूच सरकवली असणार असं वाटून त्यांनी वळून पाहिलं. साहेबांचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि तोंड उघडं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, पुन्हा करा ताई, आणि यावेळी मुद्दाम वाकडी ठेवा. दुसरी कुठली वेळ असती तर ताईंनी हा अपमान ऐकून घेतला नसता. त्यांनी चिप वाकडी ठेवली. गरम हवा दिली. मणी मंद होते ते एकाएकी चकाकले, चिप किंचित खाली बसली, आणि झोपेतला माणूस कूस बदलतो तशी आपली आपण वळून सरळ झाली. कोणी हात लावला नव्हता. त्यांनी तिसरी केली, चौथी केली. टाकाऊ बोर्ड संपेपर्यंत दोघं लहान मुलांसारखी तेच करत राहिली.

साहेबांनी समजावून सांगितलं ते असं: वितळलेला प्रत्येक मणी पाण्याच्या थेंबासारखा स्वतःला आवळून घेतो आणि चिपला आपल्या ठिपक्याकडे ओढतो. सगळे एकदम ओढतात. ज्या जागी सगळ्यांची ओढ सारखी होते तिथे चिप थांबते, आणि ती जागा म्हणजेच बरोबर जागा. पुस्तकात यावर एक ओळ त्यांनी वाचली होती. पण कागदावर तिला घर दिलं नव्हतं. त्यांचं यंत्र चिपला शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवत होतं आणि मण्यांना त्यांचं काम करू देत नव्हतं. ताईंनाही हे कधी दिसलं नव्हतं, कारण त्यांची चिप कधी वाकडी पडलीच नव्हती.

"मग इतकी वर्षं मी काय करत होते?" ताईंनी विचारलं.

साहेबांनी पडद्यावरच्या सरळ बसलेल्या चिपकडे बोट दाखवलं. "ठेवत होता, आणि वेळेवर सोडत होता," ते म्हणाले. "मी यंत्राला धरायला शिकवलं, ठेवायला शिकवलं. सोडायला शिकवायचं राहून गेलं."

"तुम्ही कामं विचारलीत. सोडणं हे काय काम आहे?"

"मलाही तसंच वाटलं होतं," साहेब म्हणाले, आणि भिंतीपाशी जाऊन त्यांनी कागदावर 'ठेवणे' आणि 'निववणे' यांच्या मध्ये एक नवी ओळ ओढली.

ताईंनी चिमटा खाली ठेवला. माझा हात बघितलात ना, त्यांनी विचारलं. बघितला, साहेब पाठमोरेच म्हणाले. ते कोणाला सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, मला वेगळीच पंचाईत पडलीय, नेमकं कधी सोडायचं हे यंत्राला कोण सांगणार. आणि ते पुन्हा घरं आखायला लागले. घड्याळाने सांगावं, उष्णता मोजणाऱ्या तारेने सांगावं, की बघणाऱ्याच्या डोळ्याने? प्रत्येकाला गुण दिले. जुना बोर्ड कधी लवकर तापतो, कधी उशिरा, म्हणून घड्याळ खोटं पडायचं. तार जिथे चिकटवू तिथलंच सांगायची. मणी चकाकले आणि चिप तसूभर खाली बसली हे ओळखणारा डोळाच सगळ्यांत पुढे गेला. ताईंनी गुणांची बेरीज दोनदा करायला लावली. आपल्यावर दया करून तर मांडलं नाही ना, ही शंका होती. बेरीज दोन्ही वेळा तीच आली. मग डोळ्याचा निरोप यंत्राला कशाने द्यायचा याची ओळ आली: बोटाचं बटण, हाताची मूठ, पायाने दाबायची कळ. तिथे साहेबांनी काही बोलायच्या आत ताईंनी शेवटच्या घरावर बोट ठेवलं.

यंत्र सुधारून उभं राहिलं, आणि टाकाऊ बोर्डांवर ताईंनी ते भरपूर चालवून पाहिलं. अजून खरा बोर्ड त्यावर चढला नव्हता. तेवढ्यात एका दवाखान्यातून नुकत्याच जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवायच्या पेटीचा बोर्ड आला. दुसरी पेटी नव्हती, आणि हवी ती चिप शोधून शोधून एकच मिळाली होती. दवाखान्याचा माणूस बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला होता. मालकांनी बोर्ड दोन्ही हातांत धरून आणला आणि ताईंच्या खुर्चीपुढे ठेवला.

"हा यंत्रावर नको," ते म्हणाले. "हा तुम्ही हाताने करा, ताई. माझा तुमच्या हातावर जास्त भरवसा आहे."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. ताईंच्या मनात आलं की आत्ता उशी घ्यावी, सकाळच आहे, जमेलही. मग त्यांना चिमट्याचं ते पडद्यावरचं टोक आठवलं, आणि ती पेटी. एवढी शरम त्यांना कधी वाटली नव्हती आणि एवढं स्वच्छही कधी दिसलं नव्हतं.

"मालक, माझा हात थरथरतो," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं. मी सांगितलं नाही."

ताईंनी बोर्ड उचलला, तो त्यांच्या हातात थरथरताना सगळ्यांना दिसू दिला, आणि यंत्राच्या चौकटीत बसवला. मेलेली चिप वर आली. जुनं सोल्डर पुसलं गेलं. नळीने नवी चिप उचलली, जागेवर आणली, टेकवली. खालून ऊब, वरून गरम हवा. जुन्या बोर्डाने झुकायचं तेवढं झुकून घेतलं आणि चिप तिरकी झाली. पडद्यावर सगळ्यांना ती तिरकी दिसली. मालकांनी श्वास ओढला. ताई मण्यांकडे बघत होत्या. मंद, मंद, अजून मंद. मालक काहीतरी म्हणाले, त्या हलल्या नाहीत. मग मणी चकाकले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि ताईंनी पाय दाबला. नळीने पकड सोडली आणि वर झाली. चिप एकटी राहिली. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती वळली, सरकली, आणि सगळे मणी एकदम आपापल्या ठिपक्यांवर उभे राहिले.

हिशेबनीस दारात उभा होता, तो कधी आला ते कोणाला कळलं नव्हतं. ताईंचे डोळे भरून आले. किती वेळा पाहिलं तरी त्यांना ते खरं वाटत नव्हतं.

"हे आत्ता कोणी केलं?" मालकांनी विचारलं.

"मी सोडलं," ताई म्हणाल्या. "बसली ती आपली आपण."

मालक पडद्याकडे बघत उभे राहिले. मग ते फळीपाशी गेले, दुरुस्तीला आलेला पुढचा बोर्ड उचलला, आणि तो आणून यंत्रापाशी ताईंच्या समोर ठेवला.